कंपाउंडर खुनी नव्हता

संगीता गेल्याची बातमी मला ‘संशयित’वर कळली. ‘संशयित’ हे आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपचं नाव. दर शुक्रवारी येणारी एक गुन्हेमालिका बघायची आणि शनिवारी सकाळी तिच्यातल्या खुणांवरून भांडायचं, एवढ्यासाठीच तो काढलेला. त्या दिवशी मी अमरावतीला राजापेठेत, आमच्या क्लासच्या ऑफिसात, नव्या बॅचचं वेळापत्रक लावत बसले होते. मोबाइल वाजला. वर शबानाचा आदल्या दिवशीचा प्रश्न होता, ‘शेवटच्या भागात ती विहीर पुन्हा काहून दाखवली?’ आणि त्याच्याखाली संगीताच्या मुलाचा, मयूरचा, मेसेज. ‘आई आज दुपारी गेली. शांतपणे गेली. तिला शेवटपर्यंत काहीही कळू दिलं नाही, हेच आमचं समाधान.’ खाली हात जोडलेली चित्रं येत गेली, एकापाठोपाठ एक. पडद्यावरच्या माणसानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला तर त्यावर सकाळभर वाद घालणारी ही माणसं. पण मयूरच्या त्या शेवटच्या वाक्यावर कुणीच काही विचारलं नाही... मी वेळापत्रक पूर्ण केलं, सरांच्या टेबलावर ठेवलं, आणि अकोल्याची गाडी पकडायला निघाले. रस्ताभर ते वाक्य डोक्यात होतं. अजून आहे. ते वाक्य खोटं आहे, आणि मला ते खोडायचं आहे. म्हणून हा लेख.

संगीता माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. ती अकोटची, मी मोर्शीकडची. अमरावतीला कॉलेजात आलो तेव्हा एका खोलीत पडलो आणि मग पडलोच. मी कपाटाच्या दाराला आतून कामांची यादी चिकटवणारी. ती यादी वाचून संगी म्हणायची, “वंदे, याच्यात श्वास घ्याचं राहून गेलं तुयं.” ती स्वतः काही लिहून ठेवत नसे. तिला दिसायचं. मेसमधल्या बाई रजेवर जाणार हे तिला त्यांच्या बांगड्यांवरून कळायचं, आणि कुणाचं लग्न ठरतंय हे त्या मुलीला घरून येणाऱ्या डब्यावरून. आम्ही तिला हसायचो. एकदा मात्र हसता आलं नाही. माझे वडील अचानक हॉस्टेलवर आले. घरी पूजा आहे, चल, म्हणाले. मी पिशवी भरायला वर आले तर संगी खिडकीतून खाली बघत होती. तिनं मला कॉटवर बसवलं आणि म्हणाली, “तुयी आजी गेली वाटते.” मी चिडले. तसं ती हळूच म्हणाली, “काकांनी दाढी नाही केली. पूजेले नेनारा मानूस चांगला ड्रेस घे म्हनन, हे म्हनते काहीही घाल, चाल लवकर. वॉर्डनबाईनं देल्ला चहा तसाच हाय. आन् तुया डोळ्याकडे पाहूनच नाही राहिले ते.” मग माझी पिशवी तिनंच भरली. “रडून घे आता. तिकडं सगळ्यायच्या समोर एकदम आयकशीन तर तुले काहीच करता नाही येनार.”

वडिलांनी मला खरं सांगितलं ते मोर्शी जवळ आल्यावर, गाडीच्या खिडकीबाहेर बघत. तोवर माझं रडून झालं होतं. घरी पोचले तेव्हा मी आजीच्या पायाशी नीट बसू शकले, तिच्या हातावरून हात फिरवू शकले. माझ्याबरोबरीच्या चुलत बहिणीला तिच्या घरच्यांनी पूजेचं सांगूनच आणलं होतं. ती दारातच कोसळली आणि शुद्धीवर आली तेव्हा आजीला उचलून नेलं होतं. पुढं ही गोष्ट निघाली की संगी बजावायची, “मले कोनी असं पूजेच्या नावानं नाही न्याचं. आत्ताच सांगून ठेवते.” तिनं हे मला सांगितलं होतं, लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं होतं, मुलगा मोठा झाल्यावर त्यालाही सांगितलं होतं. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

लग्न होऊन ती अकोल्याला गेली. भाऊजींचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान. भाऊजी वाईट माणूस नाहीत. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकेल. कष्टाळू, शब्दाला जागणारे, बायकोवर आवाज न चढवणारे. फक्त टीव्हीचा रिमोट त्यांचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबरबँड लावलेला तो रिमोट जेवताना त्यांच्या ताटाशेजारी, लोणच्याच्या जागी असायचा. दुकानात जाताना ते तो कपाटावर ठेवून जायचे, संगीचा हात पोचणार नाही इतक्या आत. क्रिकेट, बातम्या, आणि बातम्यांत काय झालं ते सांगणाऱ्या दुसऱ्या बातम्या. “अवो, अर्धा घंटा द्या ना,” संगी म्हणायची. “खून पाहून काय शिकनार तू? मले मारशीन का?” “तुमाले माराले शिकावं नाही लागत.” हा संवाद मी त्या घरात इतक्या वेळा ऐकला की दोघांच्याही ओळी मला पाठ आहेत. शेवटी मी माझ्या खात्यात तिच्या नावाचा एक कप्पा उघडून दिला. आता मालिका लावली की आधी विचारायचं, कोण बघतंय, वंदना की संगीता? ती मोबाइल पोह्याच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करता करता बघू लागली.

मालिकेचं नाव सांगत नाही. आम्ही तिला ‘शुक्रवार’च म्हणायचो. काळ्या मातीतलं एक गाव, विहिरीत सापडलेला शाळामास्तर, बदली होऊन आलेली एक फौजदारीण, आणि खोटं बोलणारं अख्खं गाव. ग्रुपवर आम्ही चौघी. मी, संगी, तिची शेजारीण शबाना, जिच्या नवऱ्याचं अकोल्यात कापडाचं दुकान आहे, आणि संगीची मोर्शीला राहणारी नणंद, पुष्पाताई. नियम असा की शनिवारी सकाळचा चहा होईपर्यंत कुणी काही लिहायचं नाही. मग सुटायच्या सगळ्या. मी यादी ठेवायची: भाग कोणता, खूण काय, कुणी पाहिली, खरी ठरली का. शबाना प्रत्येक यादीवर हरकत घ्यायची. “भाभी, तुमचा दिमाग चालते का पळते? तो मानूस बिचारा पानी प्याले गेला, आन् तुमी त्याले फाशी देऊन राहिल्या!” पुष्पाताईंना सगळ्यांवर संशय, फौजदारणीवरसुद्धा. आमच्यात कुणी कुणाचं पटकन मान्य केलं असं कधी झालं नाही. तीच तर मजा होती.

आणि संगी जे बघायची ते आम्हाला दिसायचंच नाही. मास्तराची विधवा सांगते, वावर विकून वर्ष लोटलं, आता घरात शेतीतलं काही उरलं नाही. आम्ही तिच्या रडण्याकडं बघत होतो. संगीनं लिहिलं, ‘अंगनात पऱ्हाटी रचली हाय. कुठून आली?’ पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. आमच्याकडं ती चुलीसाठी अंगणात रचून ठेवतात. शबाना म्हणाली, जुनी असन. संगीचं उत्तर तयार, ‘जुनी पऱ्हाटी काळी पडते, तिची सालटं निघतात. हे यंदाची हाय. तिले कोनी तरी आनून देते, आन् ज्याचं वावर त्याचं नाव ती लपवून राहिली.’ पुढं तीन आठवड्यांनी फौजदारीण त्याच अंगणात उभी राहून तेच बोलली तेव्हा शबानानं ग्रुपवर नुसतं ‘हाय अल्ला’ लिहिलं होतं. ही बाई. हिच्यापासून तिच्या घरच्यांनी तिचं स्वतःचं मरण लपवायचं ठरवलं.

मालिका मध्यावर आली असताना संगीच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरला दाखवून आणलं. मला सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, औषधानं जातील. मी मान्य केलं, कारण खडे अनेकांना होतात. मयूर पुण्याहून आला आणि आठवडा झाला तरी परत गेला नाही. घरूनच काम करतोय म्हणाला. मग एक दिवस तो ‘संशयित’मध्येही आला. ‘आईसोबत आता मीही बघणार!’ असं लिहून खाली तीन हसरे चेहरे. मला बरं वाटलं होतं. मुलगा आईबरोबर बसतोय, म्हटलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी संगीनं लिहिलं, ‘माह्या मते खून कंपाउंडरनं केला.’ आता, ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कंपाउंडर दुसऱ्याच भागात मेला होता. मास्तर त्यानंतर मेला. कंपाउंडरची चिता आम्ही सगळ्यांनी बघितली होती, आणि लाकडं ओली आहेत, कुणी तरी घाई केली, ही खूण संगीनंच काढली होती. मी हात पुसून मोबाइल उचलेपर्यंत उत्तरं येऊन पडली होती. पुष्पाताई: ‘बरोबर वाटते वहिनी.’ शबाना: ‘वा भाभी, काय दिमाग हाय!’ मयूर: टाळ्या, फुलं, अंगठा. मी लिहिलं, ‘संगी, कंपाउंडर दुसऱ्या भागात जळला. चष्मा लाव.’ मिनिटही गेलं नसेल, तिचा फोन आला.

“तुले मयूरचा फोन नाही आला ना?” हे तिचं पहिलं वाक्य.

“कशासाठी?”

“नाही आला म्हंजे. बरं झालं.” मागं कुकरची शिट्टी झाली. “कंपाउंडर मेला हे मले माहीत नाही का? मले पाहाचं होतं, कोन काय म्हनते. शबाना हो म्हनली. शबाना! तिनं आजपोत माह्या एका गोष्टीले हो म्हटलं का? पुष्पाताईनं हो म्हटलं. माह्या पोरानं टाळ्या वाजोल्या. तू एकटीच म्हनली चष्मा लाव.” गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. “मले पूजेच्या नावानं नेऊन राहिले, वंदे.”

मग तिनं मला सगळ्या खुणा सांगितल्या, शनिवारी सांगायची तशाच. पुष्पाताई मोर्शीहून संत्र्यांची पेटी घेऊन आल्या, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या मोरीत बसून भांडी घासली. डॉक्टर तिच्याशी पावसापाण्याचं बोलतात आणि तिला वजन करायला बाहेर पाठवून देतात. फाइल घरात नाही, दुकानात आहे. “आन् सगळ्यात मोठी खून सांगू? त्याईनं रिमोट माह्या हातात देला. आपल्या हातानं. म्हनाले, तुले पाहाचं ते पाहा. मी तवाच समजली, आपलं काही खरं नाही.” हे सांगताना ती हसली. मी हसले नाही.

मी त्याच दिवशी मयूरला फोन लावला. सरळ विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं. तेवढं श्रेय त्याला देते. खडे नव्हते. कॅन्सर होता, यकृतात पसरला होता, आणि ऑपरेशनचा उपयोग नाही असं नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “ग्रुपवर सगळ्यांना मीच फोन केले, मावशी. आईशी वाद घालू नका, ती म्हणेल ते मान्य करा, पॉझिटिव्ह वातावरण ठेवायचं. तुला केला नाही कारण तू तोंडावर बोलतेस.” मी विचारलं, आईला कुणी सांगितलं का? तो म्हणाला, “प्लीज, तो विषयच नको. ती खचेल.” मी फोन ठेवला आणि संगीला लावला. त्यानं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, वाढवलं नाही, कमी केलं नाही. तिनं ऐकून घेतलं. किती दिवस, तेही विचारलं. डॉक्टर वर्ष म्हणत नव्हते, महिने म्हणत होते. “बरं,” ती म्हणाली. भाजीचा भाव ऐकल्यासारखं.

मला वाटलं, संपलं. तिला हवं होतं ते कळलं. पण ती म्हणाली, “तुनं सांगतलं ते बेस केलं. पन हे मले त्याईच्या तोंडून पायजे.” मी म्हटलं, काय फरक पडतो? तेव्हा ती जे बोलली ते मी तसंच लिहिते. “वंदे, संसार मी तुयासंगं नाही केला. त्याईनं मले सांगतलं, तर मले काही बोलता येइन त्याईच्यासंगं. रागाचं हाय काही, चांगलंही हाय. आता त्याईच्या लेखी मी चाललीच नाही कुठं. मंग निरोप कोनाचा घेऊ?” आणि तिनं मला अट घातली. तिला माहीत आहे हे मी त्यांना सांगायचं नाही. त्यांनी आपणहून सांगायला पाहिजे. “धमकावून घेतलेला जबाब कोर्टात चालत नाही,” म्हणाली.

त्या अटीच्या आत राहून जे करता येईल ते मी केलं. अकोल्याला गेले, घरी न जाता आधी दुकानावर. भाऊजी गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होते. ते झाल्यावर मी म्हटलं, “भाऊजी, संगीला सांगा. ती तुमच्यापेक्षा धीराची आहे.” ते पाइपाच्या टोकाकडं बघत राहिले. “वंदनाताई, तिचा जीव लहान हाय. आयकलं तर आजच जाइन.” मी त्यांना आजीच्या गोष्टीची आठवण करून दिली, पूजेचं नाव, संगीनं त्यांना बजावलेलं. ते म्हणाले, “त्या जवानीतल्या गोष्टी. बोलाची गोष्ट येगळी असते.” डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं का, विचारलं. “नाही. आमीच डॉक्टरले म्हटलं.” मयूर मागून आला आणि मला समजावू लागला, शिकलेल्या आवाजात, की रुग्णाची आशा टिकवणं हेच अर्धं औषध असतं. मी म्हटलं, “आशा तिची टिकवताय की तुमची?” भाऊजींनी चहा मागवला. असा चहा मला यापुढं कधी प्यायचा नाही.

मी पुष्पाताईंनाही भेटले, शबानालाही. पुष्पाताई म्हणाल्या, आपल्यात असं कोनी सांगत नसते. शबाना रडली. “मले पाप लागलं भाभीच्या त्या कंपाउंडरचं,” म्हणाली, “पन मयूरनं हात जोडले होते, मी काय करू?” ग्रुप चालूच राहिला. दर शनिवारी संगी काहीतरी लिहायची आणि सगळे मान डोलवायचे. चांगलं भांडण करणारी माणसं एकाएकी इतकी गोड झाली की मला तो ग्रुप उघडवेना. माझ्याशी ती फोनवर भांडायची. खरी खूण काय, खोटी काय, हे आमचं दुपारी चालायचं, भाऊजी दुकानात आणि मयूर खोलीत मीटिंगला असताना. मग एक दिवस मयूरनं तिचा मोबाइल काढून घेतला. स्क्रीननं डोळ्यांना त्रास होतो, आराम हवा. मोठ्या टीव्हीवर काय बघायचं ते बघ, म्हणाला, आणि तिचा कप्पा तिथं लावून दिला. ग्रुपवरचे तिचे शनिवार थांबले. कुणी विचारलं नाही, संगीता कुठं आहे.

तिला मी शेवटची भेटले तेव्हा ती दिवाणावर उशांना टेकून बसली होती. बरीच वाळली होती. डोळे तेवढे तेच. रिमोट तिच्या मांडीवर, पिशवीसकट. भाऊजी शेजारच्या खुर्चीत. दुपार होती, पडदे ओढलेले. माझ्यासमोर तिनं त्यांना बोलायला एकापाठोपाठ एक जागा करून दिली, मी मोजत नव्हते, पण प्रत्येक जागा मला दिसत होती. “अवो, कढीपत्त्याले अधीमधी ताक टाकत जा. मी नसली का विसरसान.” “तूच टाकशीन आता बरी झाली का.” “मयूरच्या लग्नात माह्या आईच्या पाटल्या त्या पोरीले द्याच्या, मोडाच्या नाहीत.” “तूच देशीन. कायले आता त्या गोष्टी?” “तुमाले आठवते का, आपन पहिल्यांदा अकोटले गेलो होतो तवा...” “तू बोलू नको जास्त. दम लागते तुले. मॅच लावू का तुयी सिरियल लावू?” संगी माझ्याकडं वळली. “पाहा वंदे. आरोपी कबूलच होत नाही.” भाऊजींना वाटलं मालिकेचं चाललंय. ते मोठ्यानं हसले. खूप दिवसांनी ती थट्टा करतेय म्हणून त्यांना बरं वाटलं असणार... निघताना तिनं माझा हात धरला. आमचा निरोप झाला, नीट, शब्दांत. आम्हा दोघींना तेवढं मिळालं. दारापर्यंत सोडायला आलेल्या मयूरनं विचारलं, “आईला संशय आला नाही ना?” मी चपला घातल्या.

मालिकेचा शेवटचा भाग आला. पुढच्याच आठवड्यात तिला दवाखान्यात हलवलं आणि तिथून ती घरी आली नाही. बाकीचं सुरुवातीला लिहिलं आहे. तेरवीला घर भरलं होतं. अकोटचे, मोर्शीचे, दुकानाच्या ओळखीचे. प्रत्येक नव्या माणसाला भाऊजी आणि मयूर तेच सांगत होते. कळू नाही दिलं. हसत होती शेवटपर्यंत. माणसं मान हलवत होती, पुण्यवान बाई म्हणत होती. एक काका मयूरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “लेकरानं लई सांभाळलं.” जणू सगळ्यांनी मिळून एक मोठं काम तडीला नेलं होतं. मी वाढायला उभी होते. वाढत राहिले.

यानंतर काही आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. मयूर पुण्याला गेला होता. “वंदनाताई, टीव्हीवर काही तरी नंबर मांगून राहिलं. तुमच्या मोबाइलवर येते म्हनते.” खातं माझं, म्हणून. नंबर फोनवरही सांगता आला असता. मी म्हटलं, रविवारी येते.

घर तसंच होतं. कढीपत्ता वाळायला लागला होता. मी नंबर टाकून दिला, भाऊजींनी पाणी आणून दिलं, आणि समोर बसून त्यांनी विचारलंच. “एक सांगा. तिले काही समजलं नव्हतं ना?” संगीनं घातलेली अट तिच्याबरोबर संपली होती. मी म्हटलं, “सगळं माहीत होतं, भाऊजी.”

“कवापासून?”

“तुम्ही रिमोट दिलात तेव्हापासून संशय. कंपाउंडरच्या दिवशी खात्री.” मग कंपाउंडर कोण, तिनं काय लिहिलं, कोण काय म्हणालं, ते मी क्रमानं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं, किंवा रडतील. त्यांनी नुसतं विचारलं, “मंग बोलली काहून नाही?”

“तुमची वाट पाहत होती.”

बाहेरून मिरची-कोथिंबीरवाल्याची गाडी ओरडत गेली. मग त्यांनी दिवाणावरचा रिमोट उचलला, पिशवीवरचं रबरबँड नीट केलं, आणि माझ्यापुढं धरला. “लावा तुमीच काही.” मी घेतला नाही. त्या घरात रिमोट कधी हातात देतात ते मला माहीत आहे. त्यांनीच बटण दाबलं. पडद्यावर दोन नावं आली, वंदना आणि संगीता. त्यांचा अंगठा थोडा थांबला. मग त्यांनी तिचं नाव दाबलं.

शेवटचा भाग अर्ध्यावर होता. खाली तांबडी रेघ, आणि चित्र थांबलेलं: विधवेचं अंगण, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, अर्धवट उघडं दार. भाऊजी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सारून. “इथं काहून थांबोलं तिनं? काय दिसलं असन?” मी तो भाग दोनदा पाहिला आहे. खुनी कोण ते मला माहीत आहे, आणि त्या अंगणातल्या त्या क्षणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोरीवर खूण नाही, दारात खूण नाही. मी तसं सांगितलं. आणि विचारलं, “त्या दिवशी तिच्याजवळ कोण होतं?”

“मीच होतो. खुर्चीत.” ते पडद्याकडंच बघत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला, ते मी पाहिलं. “तिनं थांबोलं ना... आन् माह्याकडं पाहून म्हनली, ‘तुमाले काही बोलाचं हाय का?’”

मी वाट बघितली.

“मी म्हटलं, ‘नाही. तू पाहा.’”

त्यांनी भाग पुढं लावला नाही. बंदही केला नाही. रिमोट दिवाणावर, तिच्या उशीजवळ, होता तिथं ठेवला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मी पर्स उचलली. गाडीला अजून वेळ होता, तरी निघाले.